कळतं पण वळत नाही: रिफ्लेक्शनला सगळ्यात जास्त मार्क आणि असाइनमेंट मात्र बॅगेतच

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुलाही दिसेल. तुम्हाला दर आठवड्याला 'आपण कसं शिकलो' यावर एक पान रिफ्लेक्शन लिहावं लागतं. तू सेमिस्टरभर ग्रोथ माइंडसेट (आपली क्षमता सरावाने वाढते हा विश्वास), चुकांमधून शिकणं, परफेक्शनिझम सोडणं यावरच लिहिलंस, वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळवलेस, आणि त्याच सेमिस्टरला एक असाइनमेंट तीनदा पहिल्यापासून लिहून काढलीस आणि शेवटी दिलीच नाहीस, कारण 'अजून मनासारखी झाली नव्हती'. वर हेही लिहिलंयस की परफेक्शनिझम सोडण्यावरचं ते पानसुद्धा तू चार वेळा लिहून काढलंस. (इथे मला हसू आलं, पण तुला हसत नाहीये, माझीच जुनी वही आठवली.) तुझे प्रश्न दोन आहेत. एक, सगळं कळत असूनही वळत का नाही, मी आतून फिक्स्ड माइंडसेटचीच, म्हणजे क्षमता जन्मतः ठरलेलीच असते असं मानणारी, आहे का? आणि दुसरा, तू जरा घाबरत शेवटच्या ओळीत विचारलेला, की परफेक्शनिझम सोडला तर मी अगदीच साधारण होऊन जाईन का?

मी २२ वर्षं पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतेय, आणि त्यातली बरीच वर्षं आठवड्यातून दोन तास नुसती एका टेबलाशी बसते, ज्याला जे अडलंय त्याने यावं आणि विचारावं. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते बरंचसं त्या टेबलावरचं आहे. मी मानसशास्त्रातली नाही, पण या विषयावरचं जे संशोधन माझ्या कामाला लागलं ते वाचत आलेय. आणि वयाने मोठी असल्यामुळे सरळ अगं-तुगं करतेय, चालवून घे.

मला वाटतं तुझी खरी अडचण तू लिहिलीयस त्यापेक्षा वेगळी आहे. तू विचारतेयस माझा विश्वास कमी पडतोय का. विश्वास तुझ्याकडे भरपूर आहे गं, त्यावर तू पानंच्या पानं लिहिलीयस. बदललं नाहीये ते एवढंच की तुझी चूक तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसेपर्यंत किती दिवस जातात. आधीही तू काम पूर्ण चकचकीत झाल्यावरच दाखवायचीस, आताही तसंच, फक्त आता दाखवलं नाही की 'अरेरे, माझा ग्रोथ माइंडसेट कमी पडला' असं वरून आणखी एक अपयश स्वतःच्या नावावर लावतेस. म्हणजे ग्रोथ माइंडसेट हा तुझ्यासाठी अजून एक विषय झाला ज्यात पैकीच्या पैकी पाहिजेत.

हे शब्द आता इतके गुळगुळीत झालेत म्हणून जरा मूळ काय होतं ते सांगते. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि त्यांची सहकारी क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये काही प्रयोग छापले, पाचवीतली मुलं, त्यांना कोडी सोडवायला दिली, पहिला संच झाल्यावर सगळ्यांनाच छान केलंस म्हणाले, पण काहींना पुढे म्हणाले 'तू हुशार दिसतोस' आणि काहींना 'तू मेहनत घेतलेली दिसते'. फरक एका वाक्याचा. दुसरा संच मुद्दाम अवघड होता, सगळीच आपटली. तिसरा संच पुन्हा पहिल्याइतकाच सोपा, आणि तिथे 'हुशार' म्हटलेली मुलं आपल्याच पहिल्या स्कोअरच्या खाली गेली, 'मेहनत' म्हटलेली वर गेली. पण मला त्यातला सगळ्यात बोलका भाग वेगळाच वाटतो. मुलांना सांगितलं की दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी तुमचा अनुभव लिहा, त्यात मार्क किती पडले तेही लिहा, नाव लिहायचं नाही. 'हुशार' म्हटलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी मार्क वाढवून लिहिले. कोण विचारणार होतं त्यांना? नावसुद्धा नव्हतं. तरी चूक लपवावीशी वाटली. तू बॅगेत ठेवून दिलेली असाइनमेंट मला याच जातीची वाटते. तू खोटं बोलली नाहीस, पण लपवलंस मात्र नक्की.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हे शब्द वापरून लोकांनी चमत्काराची हमी द्यायला सुरुवात केलीये. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवरचा मोठा अभ्यास आला, एक तासापेक्षाही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ, 'मेंदू सरावाने बदलतो' वगैरे. मार्कांनी मागे असलेल्या मुलांचे ग्रेड सरासरी ०.१ पॉइंटने सुधारले, ४ पैकी. म्हणजे परिणाम आहे, एवढ्याशा वेळाच्या मानाने चांगलाच आहे, पण आयुष्य पालटून टाकणारा नाही. आणि त्यातही तो कुठे टिकला, तर जिथे आजूबाजूची मुलंसुद्धा अवघड गोष्टींना हात घालत होती तिथे. त्याच्या आदल्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हाही परिणाम सरासरीने अगदी लहान निघाला. स्वतः ड्वेक यांनी २०१५ मध्येच लिहिलं होतं की नुसतं 'मेहनत कर, शाब्बास' म्हणणं हे ग्रोथ माइंडसेट नव्हे, आणि प्रत्येकात दोन्ही माइंडसेटची सरमिसळ असते. त्यामुळे 'मी आतून फिक्स्ड आहे का' याचं उत्तर: काही बाबतीत असशील, काही बाबतीत नसशील, सगळेच तसे असतात. तू सायकल शिकलीस तेव्हा पडलीस की नाही? तेव्हा 'माझ्यात सायकलीची बुद्धीच नाही' असा विचार करत बसली नाहीस. 'आतून' असं काही शिक्कामोर्तब झालेलं नसतं.

आता टेबलावरची एक गोष्ट. नाव सांगणार नाही.

एक मुलगी आली, होमवर्क दिलेलं होतं, त्यात तिचे मार्क गेले होते आणि का गेले ते तिला कळत नव्हतं. कागद बघावा असा, समास आखलेला, एकही खाडाखोड नाही. गणित होतं एक्स गुणिले ई चा उणे एक्स घात, शून्य ते एक इंटिग्रेट करा, म्हणजे त्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढा. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, सगळं पुस्तकासारखं, आणि उत्तर उणे एक. सुबक, गोल उत्तर. मी म्हटलं शून्य ते एकमध्ये हे फंक्शन कुठे शून्याच्या खाली जातं का, तर ती म्हणाली नाही, मग मी म्हटलं क्षेत्रफळ उणे कसं येईल, आणि ती गप्प. मी रफ मागितलं. रफ कशाला मॅम, ते अगदी घाण आहे म्हणाली. म्हटलं दाखव तर. चार घड्या घातलेला कागद निघाला बॅगेच्या तळातून, आणि त्यावर तिसऱ्या ओळीत बरोबर दोन्ही टर्म उणे होत्या, आणि खाली उत्तर 'एक वजा दोन भागिले ई', म्हणजे ०.२६ च्या आसपास. बरोबर उत्तर! आणि त्याच्यावर आडवी रेघ. मी विचारलं हे का खोडलंस, तर म्हणाली, 'असं वाकडं उत्तर येईल असं वाटलं नाही, म्हणून चिन्ह कुठेतरी चुकलं असणार असं समजून बदललं, मग एकदम छान उणे एक आलं.'

त्या दिवशी मला जे कळलं ते मला बी.एड.च्या कुठल्याही तासात कुणी सांगितलं नव्हतं. तिचं डोकं रफ कागदावर होतं आणि मी मात्र फेअर कागद तपासत होते. तिने शिकण्याचा अख्खा पुरावा घडी घालून लपवला होता, आणि चांगलं दिसावं या ओढीने बरोबर गोष्ट खोडून चुकीची ठेवली होती. नुसता फेअर कागद बघून मी 'चिन्हाकडे लक्ष द्या' असा शेरा मारला असता. मारलाच होता, खरं सांगायचं तर. लाल पेनने. आणि तो शेरा तिला काडीचाही उपयोगाचा नव्हता, कारण चिन्हाकडे तिने जरुरीपेक्षा जास्तच लक्ष दिलेलं होतं. तिला हवं होतं ते हे की उत्तराचा देखणेपणा हा बरोबर असल्याचा पुरावा नसतो आणि खात्री करायची तर ग्राफ बघ.

तेव्हापासून माझ्याकडे आलेल्याला मी पहिल्यांदा रफ मागते. सुरुवातीला मुलं ओशाळतात. मग सवय होते.

तुला हे का सांगतेय, तर शिकणं हे दुरुस्तीवर चालतं आणि दुरुस्ती चूक दिसल्याशिवाय होत नाही, आणि तू चूक दिसण्याआधी ती पुसतेस किंवा अख्खा कागदच बाजूला ठेवतेस. तीनदा लिहिलेल्या त्या असाइनमेंटमध्ये मूळ समजच कुठेतरी चुकलेली असेल तर ती तिन्ही वेळा तशीच राहिली असणार, फक्त अक्षर सुधारलं असणार.

माझंही सांगते म्हणजे नुसता उपदेश वाटणार नाही. ४१ व्या वर्षी मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली, स्वतःची हौस. पहिल्या महिन्यात तासाला पंचवीस-तीस एरर यायचे आणि मला काहीही वाटायचं नाही. कॉम्प्युटर सांगतो सतराव्या ओळीत कंस राहिला, तू घालतेस, पुन्हा चालवतेस, अर्ध्या सेकंदात पुढचा एरर. तो तुच्छतेने बघत नाही, 'एवढंही येत नाही का' म्हणत नाही. मी इतक्या झपाट्याने आयुष्यात दुसरं काही शिकले नसेन. मग मुलांच्या मार्कांचं विश्लेषण करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला दाखवायचा ठरवलं. झालं. अकरा दिवस मी तो दाखवलाच नाही. व्हेरिएबलची नावं बदलली, कॉमेंट लिहिल्या, मग कॉमेंटची भाषा सुधारली, एक फंक्शन फोडून दोन केली. बाराव्या दिवशी त्याने चार-पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, गैरहजर मुलांना तू शून्य मार्क धरलेयस, ते वगळायला हवेत, म्हणजे हा मधला सगळा भागच जाईल. ज्या भागाला मी अकरा दिवस पॉलिश करत होते तो भाग. तीच मी, तीच भाषा, त्याच चुका. एकटी असताना चुकायला मजा येत होती, ओळखीच्या माणसासमोर चुकायची वेळ आली की हातपाय गार.

म्हणून मला वाटतं तुझी भीती चुकण्याची नाहीच, चुकलेलं कुणीतरी पाहण्याची आहे. परफेक्शनिझमवर काम करणाऱ्या हेविट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले होते: स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, दुसऱ्यांकडून तशी अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे 'लोकांना माझ्याकडून अचूकच हवंय, नाहीतर मी त्यांच्या मनातून उतरेन' ही समजूत. तिसरा सगळ्यात छळणारा. तू जे लिहिलंयस त्यात 'मॅमना काय वाटेल' दोनदा आलंय आणि 'मला काय कळलं नाही' एकदाही नाही. आणि यावरून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर निघतं. उंच अपेक्षा ठेवणं आणि चुकीची धास्ती बाळगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुझ्यात त्या लहानपणापासून एकत्र वाढल्या म्हणून एकच वाटतात, म्हणजे तुला वाटतं की धास्ती गेली की अपेक्षाही जाईल आणि मी कशीबशी पास होणारी होऊन बसेन. माझ्या पाहण्यात असं झालेलं नाही. ज्यांची धास्ती कमी झाली ती मुलं आळशी झाली नाहीत, उलट त्यांनी जास्त अवघड गणितं उचलली, कारण आता अडकलं तरी विचारायला येत होती. अपेक्षा खुशाल उंच ठेव. फक्त ती कधी लावायची ते बदल, पहिल्या कच्च्या कागदाला लावू नकोस, शेवटच्याला लाव.

पण हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर मी पण तुझ्या रिफ्लेक्शनसारखं गोडगोड लिहितेय असं होईल.

तुझे शिक्षक कसे आहेत यावर खूपच अवलंबून आहे. वर्गात उभं करून चुकीच्या उत्तरावर हसणारा माणूस समोर असेल तर 'बिनधास्त चुका दाखव' हा सल्ला मी देणार नाही, तिथे लपवणं हा शहाणपणा आहे, आणि दोष तुझ्या माइंडसेटचा नाही. मी शिकत असताना असे एक होते, तीन वर्षं मी त्यांच्या तासाला तोंड उघडलं नाही. तो विषय आजही माझा कच्चा आहे. अशा वेळी कच्चं काम दाखवायला दुसरं माणूस शोधावं लागतं, वरच्या वर्गातली कुणी, मैत्रीण, ट्यूटर. दुसरं, त्या कामावर काय टांगलेलं आहे. एकाच पेपरवर स्कॉलरशिप ठरणार असेल तर तिथे काळजीपूर्वक, पुन्हा पुन्हा तपासून लिहिणं योग्यच आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने टेबलावर 'चुकांमधून शिकू' म्हणू नये, पण तोच माणूस त्याआधी जिथे चुकलं तरी कुणाला इजा होणार नाही अशा ठिकाणी शेकडो वेळा हात वळवून आलेला असतो, पायलट सिम्युलेटरवर आपटून आलेला असतो. तुझी गडबड ही आहे की तू सरावालाही शस्त्रक्रिया समजतेस. आणि तिसरं, जे जरा गंभीरपणे वाच: जर यामुळे झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, छातीत धडधड होऊन कागद उघडणंच अशक्य होत असेल किंवा सगळं निरर्थक वाटायला लागलं असेल, तर हा अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही, समुपदेशक किंवा डॉक्टर गाठ, आणि आत्ताच गाठ. गणिताच्या मास्तरणीने तिथे शहाणपणा शिकवू नये.

तू एक वाक्य लिहिलंयस की 'मी आळशी आहे म्हणून पुढे ढकलते'. तीनदा अख्खी असाइनमेंट लिहिणारी मुलगी आळशी कशी असेल? पुढे ढकललं की त्या क्षणापुरती धास्ती उतरते, बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून पुढच्या वेळी पुन्हा ढकललं जातं, एवढंच आहे ते. स्वतःला शिव्या घालून धास्ती वाढते, म्हणजे ढकलणंही वाढतं.

इथपर्यंत थोडक्यात एवढं की तुझा विश्वास ठीक आहे, अपेक्षाही ठीक आहे, चूक दिसण्यात उशीर होतोय तो कमी करायचाय. आता तो कसा कमी करायचा, माझ्याकडे जे चाललं ते सांगते.

सगळ्यात आधी दाखवण्याची वेळ अलीकडे आण. पूर्ण झाल्यावर दाखवू नकोस, साधारण अर्धं व्हायच्या आत दाखव, आणि दाखवताना 'कसं झालंय' असं विचारू नकोस. 'कसं झालंय' या प्रश्नाला एकच उत्तर ऐकावंसं वाटतं. त्याऐवजी नेमकं विचार, 'दुसऱ्या पॅराग्राफमधून तिसऱ्यात उडी वाटते का', 'या स्टेपला हा नियम चालतो का'. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'कच्चं' असं लिही. हसू नकोस, खरंच लिही. माझ्याकडे एक मुलगा होता, हुशार, पण कधीच काही दाखवायचा नाही, त्याला मी सांगितलं की मी फक्त 'कच्चं' लिहिलेलेच कागद बघणार, फेअर आणलंस तर परत पाठवीन. पहिल्या आठवड्याला त्याने काय आणलं माहितीये? सुंदर, स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद आणि वर पट्टीने अधोरेखित केलेलं 'कच्चं'. परत पाठवला. तिसऱ्या आठवड्याला मधेच तुटलेलं गणित आलं, खाली 'इथून पुढे कळत नाही'. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून काहीतरी गणित केलं.

पहिला ड्राफ्ट घड्याळ लावून कर, फक्त २५ मिनिटं, पेनने, खोडरबर आणि व्हाइटनर दुसऱ्या खोलीत. चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे. खालचं वाचता आलं पाहिजे, कारण त्या वरच्या मुलीसारखं तू कधी कधी बरोबर गोष्टच खोडशील. टाइप करत असलीस तर डिलीट न करता नवी ओळ घे, हे जास्त जड जातं.

'झालं' म्हणजे काय ते सुरू करायच्या आधीच लिहून ठेव. दोन-तीन अटी, जास्त नाहीत. प्रश्नाचं उत्तर दिलंय, प्रत्येक दाव्याला आधार आहे, एकदा मोठ्याने वाचून पाहिलंय. पूर्ण झाल्या की सबमिट. आधी का, तर धास्ती चढल्यावर अटी आपोआप वाढत जातात, तुला माहितीच आहे.

आणि अभ्यास करताना वाचत बसू नकोस, पुस्तक मिटून आठवून बघ. परफेक्शनिस्ट मुलांना हे अजिबात आवडत नाही, कारण आठवताना फजिती होते, वाचताना नाही, वाचताना सगळं येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर उलटं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि मजा म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होती. जे करताना गुळगुळीत वाटतं ते टिकत नाही, जे करताना ठेचकाळायला होतं ते टिकतं, निदान बऱ्याचदा. याच जातीचं आणखी एक निरीक्षण आहे, बटरफील्ड आणि मेटकाफ यांचं, २००१ चं: जे उत्तर आपण छातीठोकपणे दिलं आणि चुकलं, त्याची दुरुस्ती अंदाजाने दिलेल्या चुकीपेक्षा जास्त पक्की बसते. त्यामुळे हात वर करून ठामपणे चुकीचं उत्तर देणारा तुमच्या वर्गातला तो मुलगा, ज्याला तुम्ही सगळे हसता, तो कदाचित सगळ्यात पक्कं शिकत असेल. अट एकच की कुणीतरी त्याला लगेच बरोबर काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर चूकच पक्की होईल.

बरं, एक मात्र आहे. 'चुका करा' याचा अर्थ त्याच चुका करत राहा असा नाही. मेहनतीचं कौतुक ऐकून ऐकून एक मुलगा माझ्याकडे चाळीस गणितं सोडवून घेऊन आला होता, चाळीसही एकाच चुकीच्या पद्धतीने. पाचव्या गणिताला उत्तर ताडून पाहिलं असतं तर पस्तीस वाचली असती. मेहनत भरपूर होती, मधे आरसाच नव्हता.

शेवटी तुझ्या रिफ्लेक्शनबद्दल, कारण ते तुला पुढच्या सेमिस्टरलाही लिहायचंय. रिफ्लेक्शनला मार्क देणं मला मुळातच पटत नाही, कारण मार्क आले की मुलं शिक्षकाला आवडेल तसा पश्चात्ताप लिहायला लागतात (मीही दोन वर्षं दिलेत मार्क, आणि वाचून वाचून कंटाळले, सगळ्यांचा कायापालट दर शुक्रवारी व्हायचा). पण द्यायचंच आहे तर तुला उपयोग होईल असं लिही. तू प्रश्नात नमुना दिलायस: 'या आठवड्यात मी चुकांकडे संधी म्हणून पाहायला शिकले आणि माझ्या कम्फर्ट झोनच्या बाहेर पडले.' यात काय झालं? कुठली चूक? कुठे बाहेर पडलीस? हे वाक्य तू कधीही, कुठल्याही आठवड्यात, काहीही न करता लिहू शकतेस. त्याऐवजी असं काहीतरी लिहून बघ: 'मंगळवारी चौथ्या प्रश्नात मी कारण आणि परिणाम उलटे धरले. मला वाटलं होतं की आधी आलेली गोष्ट म्हणजेच कारण. मैत्रिणीने दोन मिनिटांत दाखवलं. तिला दाखवायला मी दोन दिवस लावले. पुढच्या वेळी अशा प्रश्नाला आधी विचारीन, हे नसतं तर ते झालं असतं का?' पाच-सहा वाक्यं. चूक कुठली, तेव्हा डोक्यात काय होतं, दाखवायला किती वेळ लावला, पुढच्या वेळी काय बघणार. भावना लिहायच्या तर खुशाल लिही, पण घटना आधी.

त्यातला 'दाखवायला किती वेळ लावला' हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माइंडसेट मोजता येत नाही, निदान तुला घरबसल्या नाही, पण हा आकडा येतो. पहिल्या आठवड्याला सहा दिवस येईल, येऊ दे, खोटा लिहू नकोस. माझा स्वतःचा अकरावरून सध्या दोन-तीन दिवसांवर आलाय, त्याच्या खाली जात नाही, आणि सहकारी कडक असेल तर अजूनही पाच होतात. काही ओळखीच्या मुलांचा एका दिवसावर आला. कुणाचा वरखाली होत राहतो, परीक्षेच्या आसपास वाढतो, ते साहजिक आहे.

आणि ती बॅगेतली असाइनमेंट. मार्कांची मुदत गेली असेल तर गेली. पण तिसरी आवृत्ती बाजूला ठेव आणि पहिली शोध, फाडली नसशील तर. ती घेऊन ज्यांचा विषय आहे त्यांच्याकडे जा आणि म्हण, मला मार्क नकोत, फक्त हे सांगा की माझी समज नेमकी कुठून घसरली. बहुतेक शिक्षक याला नाही म्हणत नाहीत. नाहीच म्हणाले तर वरच्या वर्गातल्या कुणाला तरी विचार, आणि पहिली फाडलीच असशील तर आठवेल तेवढी २५ मिनिटांत पुन्हा लिही, पेनने, आणि डोक्यावर 'कच्चं' लिहायला विसरू नकोस. पट्टीने अधोरेखित न करता.